एका पोरीची बॅच

डंभारे मॅडम डोक्यावरचं हेल्मेट न काढताच हजेरी घ्यायच्या. स्कूटर कडुनिंबाखाली लावायची, साडीखालचे पांढरे कॅनव्हासचे बूट आपटत जिना चढायचा आणि स्टुडिओच्या दारातूनच हाक द्यायची, "रोल नंबर एक!" हाक अशी खणखणीत, की मी जणू नाल्याच्या पलीकडे उभी आहे. मी असायचे समोरच्याच टेबलाशी. "हजर मॅडम," म्हटलं की हजेरीपटावर खूण व्हायची आणि मग कुठे हेल्मेट उतरायचं. रोल नंबर दोन नव्हताच. वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला त्या साली मी एकटी होते.

तुम्हाला खोटं वाटेल, वाटू द्या. मलाही वाटलं होतं. आमच्या विद्यापीठाची वास्तुकला शाळा वर्ध्याबाहेर, मोकळ्या माळावर. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत पार पोळ्यापर्यंत गेल्या. सुरुवातीला माझ्यासोबत आणखी काही नावं यादीत होती, पण शेवटच्या फेरीत कोणाला नागपूर मिळालं, कोणाला पुणं, आणि जो तो आपापलं बिऱ्हाड उचलून गेला. मी उरले, कारण मी कुठे जाणार? आमचं घर सेलूला. भाजीपाल्याची शेती. बाबांनी शिकायला हो म्हटलं होतं ते एकाच अटीवर, की सकाळच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचं. "नागपूरले पोरीले ठेवत नाई," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात कुलपासारखं लागलेलं होतं. वर्ध्यातला वर्ग बंद झाला असता तर माझं आर्किटेक्ट होणंही तिथंच संपलं असतं.

आणि वर्ग बंदच होणार होता. विभागप्रमुख सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला आणि मॅडमना समोर बसवून समजावलं, की एका मुलीसाठी वर्ग चालवणं विद्यापीठाला जमत नाही, मी नागपूरला बदली घ्यावी. मी तर तिथंच रडायला लागले. मॅडम मात्र खुर्चीवरून उठल्या.

"सर, बॅच एकाची असो का साठाची, टाइमटेबल सारखंच लागते," त्या म्हणाल्या. "या पोट्टीची अॅडमिशन झाली न? मंग वर्ष सुरू झालं. तुमी वरती लिहा काय लिहाचं ते. मी उद्यापासून वर्ग घेतो." मग माझ्याकडे वळून, "रडून काय होते वं? उद्या वेळेवर येजो."

मॅडम मूळच्या नाचणगावच्या, राहायला सिंदी मेघेत. मोठ्या कॉलेजांत शिकलेल्या, तरी बोलणं अस्सल आपल्याकडचं, बाईमाणूस असूनही 'मी घेतो, मी करतो'. कोणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, "ज्याले समजत नसन त्याले मी काढून दाखवतो." आणि खरंच दाखवायच्या. तोंडानं समजावणं हा प्रकार त्यांना सोसायचाच नाही. मी एखादी कल्पना सांगायला लागले की त्या हात वर करायच्या, "बोलू नको. काढ."

पहिल्या दिवशी मात्र त्यांनी कागद हातात घेऊच दिला नाही. त्यांची रीतच होती. दरवर्षी नव्या पोरांना मैदानावर न्यायचं, फक्कीची पाटी हातात द्यायची, म्हणजे कबड्डीच्या मैदानावर रेघा मारतात ती पांढरी भुकटी, आणि सांगायचं, की आपापलं राहतं घर खऱ्या मापात जमिनीवर आखा. दरवर्षी मैदानावर अख्खं गाव उठायचं म्हणे. त्या वर्षी एकच घर उठलं, सेलूचं, आमचं उमाट्यांचं. भिंती, दारं, आईची ओट्याची जागा, बाबांचा बसायचा कोपरा, सगळं पांढऱ्या रेघांत. दुपार होऊन गेली तरी मी आखतच होते आणि मॅडम माझ्या मागे मागे, "ही खिडकी येवढी? हत्ती पाहता का त्यातून?"

तेवढ्यात बाबा आले. वर्ग बंद होणार ही बातमी त्यांच्या कानावर गेली होती, आणि ते माझे प्रवेशाचे कागद परत न्यायला आले होते. तावातावानं ते मैदान तुडवत सरळ आमच्याकडे निघाले, तोच मॅडम ओरडल्या, "अवो भाऊ! भिंतीतून येऊन राह्यले तुमी! दार तिकडं हाय!"

बाबा दचकून थांबले. खाली पाहिलं. काही क्षण त्यांना उमगेना. मग ते वळसा घालून आखलेल्या दारापाशी आले आणि तिथं त्यांनी चपला काढल्या. उघड्या मैदानात, भर उन्हात, दोन पांढऱ्या रेघांच्या मधे. मग आत येऊन सवयीनं आपल्या कोपऱ्यात बसले. मला हसू येत होतं.

"मॅडमजी, एका पोरीसाठी कोन कॉलेज चालवते?" बाबांचा आवाज आता खाली आला होता.

"मी चालवतो न."

"सर तं सांगते बंद होते म्हनून."

"सांगाचं काम सरांचं, शिकवाचं काम माह्यं. हे वर्ष मी पुरं करून देतो, भाऊ. माह्या शब्द हाय. कागद नेऊ नका."

बाबांनी आखलेल्या घरावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "पोरीनं माह्या कोपरा बराबर काढला," आणि कागद न घेता सेलूच्या एसटीला निघून गेले.

असं ते वर्ष सुरू झालं. साठ मुलांच्या वर्गात मागं बसून डुलकी काढता येते. माझं तसं काही नव्हतं. मागं मी, पुढंही मीच. वरच्या वर्गांची पोरं आपापल्या स्टुडिओत. स्ट्रक्चरचे सर एकटीला काय शिकवायचं म्हणून नोट्स हातात ठेवून सटकायला बघायचे, तर मॅडम दारात उभ्या. "काऊन सर, तास संपला का?" सर बिचारे परत फळ्याकडे. मला ती बाई भयंकर आवडायची, आणि तितकाच तिचा संतापही यायचा.

संतापातच मी एकदा दांडी मारली. शाळेतल्या मैत्रिणींसोबत सिनेमाला गेले. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली, हेल्मेट उतरलं, आणि मॅडम गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "काल अख्ख्या वर्गानं मास बंक केला. मी विभागप्रमुखांकडे तक्रार केली." मी फळ्याकडे पाहिलं तर तो काठोकाठ भरलेला, कमानींचे प्रकार, आकृत्यांसकट. बाईंनी रिकाम्या वर्गाला शिकवलं होतं!

"काल कमानी झाल्या," त्या म्हणाल्या, आणि डस्टरनं सगळा फळा पुसून टाकला. "कोनाकडून तरी नोट्स घेजो."

"कोणाकडून घेऊ, मॅडम?"

"ते तुमच्या वर्गानं पाहाचं."

त्यानंतर मी कधी दांडी मारली नाही.

दुसऱ्या सत्रात गटानं करायचं काम आलं. बाजाराची मापं घेऊन नकाशे करायचे. मी म्हटलं, मॅडम, गट कुठून आणू? त्यांनी पदर खोचला. "गटात दोघं तं लागतातच. मी हाय तुह्या गटात." खरंच त्या सेलूच्या आठवडी बाजारात आल्या. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. वांग्याच्या ढिगावरून, कांद्याच्या पोत्यांमधून, बायांच्या डोक्यावरून टेप जात होता. "उचला वो बाई जरा टोपलं, पोट्टीचं वर्ष अटकलं हाय!" अशी आरोळी देत बाईंनी बाजार मोजून काढला. मग दोघींनी शेजारी शेजारी बसून शीटं काढली. मार्क देताना त्यांनी स्वतःच्या शीटला माझ्यापेक्षा कमी दिले, कारण, "ही पोरगी काम उशिरा देते."

शिकवणंही असंच, शेजारी बसून. त्यांनी रेघ ओढायची, मी तशीच ओढायची. त्यांनी झाड काढायचं, तीन फटक्यांत खोड आणि वर कुरळा गोळा, की मीही तसंच झाड काढायचे. त्यांची माणसं कायम खांद्याला झोळी लावून चाललेली असायची, माझीही झोळी लावून चालू लागली. त्यांचा जिना दारासमोरूनच वर चढायचा, माझाही. वर्ष सरता सरता मला माझ्या हाताचा गर्व वाटायला लागला होता. का वाटू नये? मॅडमसारखी रेघ जमायला नशीब लागतं, असं मी आईला सांगायचे.

उन्हाळ्यात परीक्षा आली. बाहेरून, नागपूरहून परीक्षक आले. भिंतीवर माझी वर्षभराची शीटं लावलेली. ते एकेक पाहत गेले, थांबले, परत मागे आले. मग मॅडमना बाजूला घेऊन हळूच विचारलं, पण रिकाम्या स्टुडिओत हळू काय नि जोरात काय, मला ऐकू आलंच. "मॅडम, राग मानू नका. ही शीटं तुम्ही काढून दिली आहेत का?"

मी जागची उठलेच. मॅडमनी एक कोरा कागद टेबलावर लावला आणि मला म्हणाल्या, "काढ." मी परीक्षकांसमोर काढलं. जिना, झाड, झोळीवाला माणूस. परीक्षकांचा चेहरा खुलला. "शंकाच नको," ते हसून म्हणाले, "काय तयार केलीत हो मुलगी! हुबेहूब तुमची कॉपी आहे." त्यांनी भरभरून मार्क दिले.

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्या माझ्या शीटांकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

पुढच्याच आठवड्यात विभागप्रमुख सर पेढे घेऊन स्टुडिओत आले. मॅडमनी वर्षभर विद्यापीठात खेटे घातले होते, ते फळाला आले. माझा दुसऱ्या वर्षाचा वर्ग विशेष बाब म्हणून चालवायला मंजुरी मिळाली होती. मी टाळ्याच वाजवल्या. मॅडमनी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही.

"नाई जी, सर," त्या म्हणाल्या. "आता नको. हिची नागपूरले बदली करा."

सर अवाक. मी तर भडकलेच. सरांसमोर, आवाज चढवून म्हणाले, "वर्षभर भांडल्या कायले मंग तुमी? माह्या बाबाले शब्द देल्ला ना? आता माह्या कंटाळा आला का तुमाले?"

"वर्ष पुरं करतो म्हनलं होतं. केलं." त्या शांत होत्या. मला हाताला धरून त्यांनी शीटांपुढे उभं केलं. "पाह्य. हे झाड माह्यं हाय. हा जिना माह्या हाय. हा झोळीवाला मानूस माह्या हाय. यात तू कुठं हाय, ते मले दाखव."

मी शोधलं. खरंच शोधलं, एका शीटवरून दुसऱ्या शीटवर. एक रेघसुद्धा दाखवता आली नाही.

"चूक तुही नाई," मॅडम म्हणाल्या. "तुह्यापुढं पाहाले मी एकटीच होतो. चुकलं म्हननारं कोनी नाई, वेगळं काढनारं कोनी नाई. आनखी चार वर्षं इथं राह्यली तं एक डंभारे अजून तयार होईन. एक बस्स हाय."

मी तरीही दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आणि बाबा? ते तर ऐकायलाच तयार नव्हते. मॅडम आमच्या घरी सेलूला आल्या तेव्हा त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि वर तेच वाक्य. "पोरीले नागपूरले ठेवत नाई. तुमीच तं म्हनल्या होत्या, कागद नेऊ नका."

"तवा तेच बराबर होतं, भाऊ. आता हे बराबर हाय. तुमी हो म्हनेपर्यंत मी काई उठत नाई."

आणि त्या उठल्या नाहीत. आई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती, तिच्या शेजारी मांडी घालून त्याही बांधायला लागल्या. बाबा शेतात जाऊन आले, तरी बाई तिथंच. जेवून झोपून उठले, तरी बाई तिथंच. शेवटी आईच वैतागली.

"अवो, हो म्हना न एकदाचे!" ती बाबांना म्हणाली. "मॅडमजी सगळ्या जुड्या ढिल्या बांधून राह्यल्या. बाजारात कोनी हात लावनार नाई." आणि मग हात थांबवून, हळू आवाजात, "जाऊ द्या पोरीले. येवढी बाई आपल्या पोरीसाठी सकाळपासून बसून हाय."

बाबा ओसरीच्या खांबाला टेकून उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. "आठवड्याले घरी येजो," एवढंच म्हणाले. मॅडमनी हातातली जुडी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच मला त्या थकलेल्या दिसल्या.

नागपूरचं नवं वर्ष सुरू झालं तेव्हा मी भेदरलेली होते. भरगच्च वर्ग, गलका, कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. पहिल्याच कामात एका पोरानं माझ्या जिन्यावर बोट ठेवून सांगितलं, की हा इथं चालणार नाही, घरात शिरणाऱ्याच्या नाकावरच येतो. मी का ऐकून घेते? माझ्या मॅडमचा जिना होता तो! मी तडकले. त्याच्या बाजूनं दोघं उभी राहिली, माझ्या बाजूनं एक मुलगी. पार कँटीनपर्यंत भांडण गेलं. शेवटी त्यानं कागद ओढला, जिना काढून दाखवला आणि मी बघत राहिले. त्याचं बरोबर होतं. मी परत येऊन तो जिना खोडला आणि कोणाकडेही न बघता नवा काढला. मग मॅडमना फोन लावला.

"मॅडम, इथले पोट्टे लय भांडतात जी. दुपारभर माह्या जिन्यावरून भांडले."

"मंग? जिकली का हारली?"

"हारली."

"बेस झालं," मॅडम म्हणाल्या. "सुरू झालं म्हन तुह्यं वर्ष."