रिकाम्या जागी येणारं नाव

मी चौथी शिकलो. पण उलटं वाचण्यात मला कोणी हरवणार नाही. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात उभं आयुष्य शिशाचे खिळे जुळवले, आणि खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, दशक्रियेची कार्डं, सगळं याच हातांनी केलं. नावं मात्र इथे कोणाचीच लिहिणार नाही. नावांनीच सगळा घोळ केलाय.

दशक्रियेच्या कार्डाची जुळणी आम्ही कधी मोडत नसू. दोऱ्याने बांधून फळीवर ठेवलेली असायची. माणूस गेलं की नाव, तारीख आणि घाट, एवढेच खिळे उपसायचे आणि नवे बसवायचे. दुःख तेच. त्यात बदलण्यासारखं काही नसतं.

खिळे भंगारात गेले, त्यालाही आता जमाना झाला. मालकांच्या मुलाने छापखाना चालू ठेवला आणि त्याची बायको संगणकाचं बघते. ती विदर्भातली. आधी मोठ्या कंपनीत होती, ते सोडून इथे बसली. मी निवृत्त झालो तरी आठवड्यातून चार दिवस मांजरीतल्या घरून बस धरून स्वारगेटला उतरायचो आणि चालत जाऊन प्रुफं तपासायचो. घरी बसून भिंतींशी काय बोलणार, असं बायकोच म्हणायची. तेव्हा ती होती.

मालकांच्या त्या सुनेने एक सोय केली. पडद्यावर काळी खिडकी उघडायची. त्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती अक्षरं. कार्डाचा साचा एका जागी आणि गिऱ्हाइकाने भरून दिलेल्या फॉर्मची यादी दुसऱ्या जागी. साच्यात जिथे नाव यायचं तिथे महिरपी कंसांत लिहिलेलं : नाव. पुढे : माहेरचे नाव. पुढे : तारीख, घाट. ती काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर मारायची, की कार्ड भरून तयार. मी म्हटलं, "यात नवीन काय? बांधून ठेवलेली जुळणीच की." ती म्हणाली, "तेच तर काका. फक्त दोरा नाही आहे."

एखादी जागा रिकामी राहिली तर काय, हे मी विचारलं. जुन्या कामगाराला हेच सुचणार. तिने सांगितलं, रिकाम्या जागेसाठी एक ठेवणीतलं नाव देऊन ठेवायचं. यादीत काही नसलं की यंत्र ते उचलतं. म्हणाली, तपासून पाहून राहिले, काका, कोणाचंही एक नाव द्या ना.

मी बायकोचं माहेरचं नाव दिलं. का दिलं माहीत नाही. तोंडात आलं.

आमच्याकडे लग्नात ताटभर तांदळात नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. माझ्या आईने नाव ठरवलं होतं, मी लिहिलं. तांदूळ नंतर शिजले, नाव राहिलं. तिने कधी तक्रार केली नाही. पण भांडण झालं की म्हणायची, "तुम्ही जिला आणलंत तिला विचारा, मला काय विचारता?"

योगायोग असा की त्याच दिवशी ती पेठेत डोळे दाखवायला आली होती. डोळ्यांत थेंब घातलेले, म्हणून छापखान्यात बाकावर बसली. सुनेने चाचणीचा कागद छापून तिच्या हातात दिला. तिने तो लांब धरला, मग जवळ धरला.

"अहो, ही कोण?"

मी म्हटलं, बघ ओळखतेस का.

मग म्हणाली, "ओळखत होते." आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

त्यानंतर सहा महिन्यांत ती गेली. सून कार्ड करत होती, तिने विचारलं, काका, माहेरचं नाव टाकायचं ना? साच्यात जागा आहे. घरात माणसं जमलेली, फोनवर फोन. मी म्हटलं, "काही गरज नाही. गाळ ती ओळ." माझ्याच बायकोच्या कार्डावरून मी ती ओळ गाळली. बारा दिवस झाल्यावर पर्स उघडली तर बसच्या पासाला लागून तो चाचणीचा कागद होता.

चाचणीचं ते नाव यंत्रात तसंच राहिलेलं, आणि मग ते प्रुफांत येऊ लागलं. फॉर्म भरणारी माणसं दुःखात असतात, एखादी जागा राहते. मी प्रूफ हातात घ्यायचो आणि कोणा परक्या बाईच्या नावापुढे ती उभी. माहेरची अमुक. लाल रेघ मारायची होती, आणि मारायची मीच. मारली. पंधरवड्याने पुन्हा आली. मग मला सवय लागली म्हणा किंवा व्यसन म्हणा, फॉर्म रिकामा दिसला की मी प्रुफाची वाट बघायचो. येणार, हे माहीत असायचं. जिवंतपणी इतक्या वेळा ती छापखान्यात आली नव्हती.

सुनेच्या लक्षात आलं. ते नाव काढून टाकते, काका, असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे. मी बसलोय ना बघायला."

मी बसलो होतो. तरी एक सोडलं.

मांजरीकडच्याच एका म्हाताऱ्या बाईचं कार्ड होतं. फॉर्म माझ्यासमोर, माहेरच्या नावाची जागा कोरी. प्रुफात ती. लाल पेन उघडलेलं. मी नाव वाचलं, परत वाचलं, आणि पेनाचं टोपण लावलं. खाली सही केली, बरोबर. चूक दिसली नाही असं कोणी म्हणेल तर तो खोटं बोलतोय. मला दिसली होती. त्या दिवशी तिच्यावर रेघ मारवली नाही, इतकंच.

दोन दिवसांनी त्या बाईंची मुलगी आली. मुलगी म्हणजे पन्नाशीची, केस पांढरे झालेली. हातात कार्ड. मी ओळखलं, आता शिव्या बसणार. बरं झालं, असंच वाटलं.

शिव्या नाही दिल्या. कार्ड माझ्यासमोर ठेवून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"काका, हे नाव तुम्हाला कुठून मिळालं?"

मी तोंड उघडायच्या आत तीच सांगू लागली. तिची आई लहानपणीच पोरकी झालेली, लांबच्या नात्यात वाढलेली. त्या बाजूचं आता कोणी उरलं नाही. आईचं माहेरचं नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. फॉर्म भरताना वडिलांना विचारलं, ते म्हणाले, आठवत नाही. म्हणून जागा सोडली. आणि कार्डावर नाव आलं. तिला वाटलं, जुना छापखाना, आईवडिलांच्या लग्नाची पत्रिका इथेच छापलेली असेल, तुमच्याकडे नोंद असेल. वडिलांना दाखवलं, हेच का? ते कार्डाकडे बघून म्हणाले, असेल.

"आज सकाळी दिव्यापुढे बसून मी आईला या नावाने हाक मारली," ती म्हणाली. "पहिल्यांदाच. एवढंच विचारायला आले, नक्की हेच ना?"

डोळे कसे लागले होते तिचे माझ्याकडे. मी हो म्हटलं असतं तर ती आभार मानून गेली असती. कोणाला कळणार नव्हतं. माझी बायको त्या घरात कोणाची तरी आई होऊन राहिली असती, रोज दिवा मिळाला असता. माझ्या घरी तर दिवा लावायचंही मी विसरतो. खोटं बोलणार नाही, क्षणभर मोह झाला.

मग तो म्हातारा डोळ्यांपुढे आला, असेल म्हणणारा. आणि जी गेली तिचं नाव कुठे जाणार, असा विचार आला. एकीला जागा दिली की दुसरीची जाते. मी एकदा ते केलंय, तांदळात.

"बाई, हे तुमच्या आईचं नाव नाही," मी म्हटलं. "माझ्या बायकोचं आहे."

सून मधेच आली, ताई, ते यंत्राचं आहे, रिकाम्या जागी ते नाव घेतं, माझी चूक झाली. भली पोर. मी तिला थांबवलं. यंत्राने रिकाम्या जागी काय टाकलं ते मला दिसत होतं, मी बरोबर म्हणून सही केली, हे सगळं सांगितलं. बायको गेली हेही सांगितलं. माफी मागताना माझी जीभ जड होते, पण मागितली.

ती बाकावर बसली. त्याच बाकावर.

"मग मी कोणाला हाक मारली?"

"तिलाच," मी म्हटलं. "रागावायची नाही ती. तिलाही त्या नावाने फार वर्षांत कोणी बोलावलं नव्हतं. मीसुद्धा नाही."

ती रडली नाही, मीही नाही. सुनेने पाणी आणलं, ते तसंच राहिलं. मग मला एक सुचलं ते विचारलं : घरात लग्नातली भांडी आहेत का? पूर्वी आहेराच्या भांड्यावर नाव घालून देत. बहुतेक देणाऱ्याचं, पण एखाद्याने नवरीचं माहेरचं नावही घातलेलं असतं. काठाखाली, ठिपक्या-ठिपक्यांनी. ती म्हणाली, माळ्यावर पितळेचं काहीतरी आहे, काळं पडलेलं. मी म्हटलं, चिंचेने घासा. आणि वडिलांना घासू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पिशवीतून तांब्या घेऊन आली. अर्धा चकचकीत, अर्धा काळा. म्हातारबांनी काठापुरताच घासला होता. तिने सांगितलं, नाव वर आल्यावर ते त्यावर अंगठा ठेवून बसले. मग म्हणाले, "विसरलो नव्हतो. घेववत नव्हतं."

मी चष्मा पुसून ते नाव वाचलं आणि फॉर्मवर एकेक अक्षर ताडून उतरवून घेतलं. दहाव्याला तीन दिवस होते. सुनेने कार्डं नव्याने भरली. ती ओळ मी पाच वेळा तपासली. तिथे आता माझी बायको नव्हती, दुसरीच कोणी होती, आणि ती जागा तिचीच होती.

बाई गेल्यावर मी सुनेला म्हटलं, आता काढ. तिने विचारलं, त्या जागी दुसरं काय ठेवू? मी म्हटलं, "काही नको. रिकामं असलं तर थांबू दे त्याला."

तिने साच्यात काहीतरी पुसलं, काहीतरी लिहिलं. मग माझ्यासाठी म्हणून जागा मुद्दाम कोरी ठेवून एंटर मारलं. कार्ड आलं नाही. काळ्या खिडकीत एकच ओळ उमटली : माहेरचे नाव दिलेले नाही. खाली पांढरी चौकट लुकलुकत राहिली, कोणीतरी उत्तर देईल म्हणून. मी बराच वेळ तिच्याकडे बघत उभा होतो. सुनेने पडदा बंद केला नाही.

आता प्रुफात ती येत नाही. प्रुफं येतात, बरोबर असतात. सवयीने मी आधी तीच ओळ बघतो आणि परकं नाव वाचून पुढे जातो. स्वारगेटला बसची वाट बघताना कधी वाटतं, ठेवायला हवं होतं. मग तो तांब्या आठवतो.

गेल्या महिन्यात बायकोचं वर्षश्राद्ध होतं. लोकांना फोनवर सांगून भागलं असतं, पण मी कार्डासाठी सुनेकडून कोरा फॉर्म मागून घेतला. ती म्हणाली, द्या काका, मी भरते, तुमचं अक्षर... मी म्हटलं, माझं अक्षर मला ठाऊक आहे. बाकावर बसलो. माझं नाव, तिचं नाव, तारीख. मग ती जागा आली. छापखान्यात मी हजारो नावं जुळवली असतील, पण हे हाताने कधीच लिहिलं नव्हतं. एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलं, वाकडं झालं ते तसंच ठेवलं.

सुनेने ते बघून काळ्या खिडकीत ओळ टाइप केली आणि एंटर मारलं. यंत्र थांबलं नाही.