तीन महिन्यांची नोटीस

डेपोतले सगळे त्याला पायलट म्हणत, कारण आभाळ भरून आलेलं असलं तरी तो काळा चष्मा लावूनच बस चालवायचा. बस चालवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. चहात साखर घालण्यातही नव्हतं.

वर्षातून एकदा ड्रायव्हर लोकांची डॉक्टरी तपासणी व्हायची. तिच्या आधीच्या आठवड्यात डेपो ओळखू यायचा नाही. एरवी दोन पायऱ्या चढल्या की धापा टाकणारी माणसं उभ्या बसगाड्यांच्या मधून झपाझप चालायची, बिनसाखरेचा चहा प्यायची आणि एकमेकांच्या पोटांकडे संशयानं बघायची. कॅन्टीनवाला तेवढे दिवस बहिणीकडे राहून यायचा. तपासणी उरकली की त्याच संध्याकाळी सगळे मिळून क्रीमचा केक खायचे.

पायलट या तयारीतला उस्ताद. नव्या ड्रायव्हरांना तो समजावून सांगायचा, "अरे, आठवडाभर तोंडाला कुलूप लावायचं, बस. डॉक्टरला त्या सकाळचं रक्त दिसतं. मागचं त्याला काय कळतंय?"

घरात कोणाला साखरेचा त्रास, या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं होतं. नाही. वडील कशानं गेले? वयानं. वडिलांना शेवटी दिसत नव्हतं आणि ते साखरेचा डबा चाचपडत शोधायचे, हे त्यानं कधी सांगितलं नाही. तसं कोणी विचारलंही नव्हतं.

यंदा डॉक्टरीणबाई नवीन होत्या. पट्टा दोन भोकं आत गेलेला बघून त्या म्हणाल्या, "बरेच चालता वाटतं?"

"रोज," पायलट म्हणाला.

"छान. मग ही तपासणी सोपी जाईल तुम्हाला. हिच्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर कळते."

पायलट हसला. मग हळूहळू हसायचा थांबला.

बरेच जण आपटले. "पायलट, तुझा पहिला नंबर!" कंडक्टर निकाल बघून म्हणाला. त्याचा आकडा सगळ्यांत वर होता. गोळ्या सुरू झाल्या, डोळ्यांच्या पडद्यांची तपासणी झाली, आणि आकडा आठच्या खाली येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही असं ठरलं. तोवर बदली, प्रवाशांनी विसरलेल्या वस्तूंच्या खोलीत.

खोलीला खिडकी होती, पण ती भिंतीकडे उघडायची. आत छत्र्या, डबे, डाव्या पायाची एक चप्पल आणि एक कवळी. माणूस बसमधून उतरताना दात कसे विसरतो, यावर पायलटनं पहिला आख्खा दिवस विचार केला. बाहेर त्याची गाडी दुसराच कोणी काढायचा. गिअर बदलताना होणारा कर्रकर्र आवाज त्याला आत ऐकू यायचा आणि दाढेत कळ गेल्यासारखं व्हायचं.

"बाबांसारखे डोळे गेले, तर ती खोलीसुद्धा नाही मिळायची," बायको घरी म्हणाली.

"अगं, डोळे चांगलेत. तपासलेत."

"आत्ता चांगलेत. तुमच्या घराण्यात दुसरं काही राखलं नाही कोणी, साखर तेवढी राखलीत."

तरी पायलटचं म्हणणं होतं की हा अन्याय आहे. युनियनच्या सभेला मॅनेजरसाहेब आणि डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं होतं. तिथे तो उठला. "परीक्षा आजची आणि विचारणार मागचं? हे अभ्यासक्रमाबाहेरचं झालं! निदान तीन महिन्यांची नोटीस तरी द्या!"

टाळ्यांनी शेड दणाणली. मॅनेजरसाहेबांना नाही म्हणायची सवय होती, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण डॉक्टरीणबाई आधी बोलल्या, "मान्य. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. नोटीस आजपासून."

एवढी मोठी मागणी एका बैठकीत मान्य झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. चौघांनी पायलटला खांद्यावर घ्यायला उचललं आणि अंदाज आल्यावर जपून खाली ठेवलं.

"म्हणजे तीन महिने साखर बंद?" बायकोनं विचारलं.

"हो. मागणी मान्य झाली."

"कोणाची?"

"माझी," पायलट म्हणाला.

गोळ्या बायको हातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. संध्याकाळी दोघं चालायला जात. तो पुढे, ती मागे, "अहो, सावकाश! बस नाहीये ही!" असं ओरडत. कॅन्टीनवाला भेटेल तिथे गाऱ्हाणं घालायचा, "पायलटसाहेब, आठवड्यापुरतं ठीक होतं. तीन महिने बहीण ठेवून घेईल का मला?"

एकदा दुपारी कंडक्टरनं मिठाईचं मोठं खोकं आणून दिलं. कोणीतरी सीटवर विसरलं होतं. पायलटनं ते फळीवर ठेवलं. मग वरच्या फळीवर ठेवलं. मग त्यावर छत्री उघडून ठेवली. शेवटी स्वतःच स्टूल घेऊन दाराबाहेर बसला. दिवेलागणीला एक आजोबा धावतपळत आले, खोकं बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"घ्या हो, एक तरी घ्या!"

"नको," पायलट म्हणाला. मिठाईसमोर हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता, त्यामुळे जरा चिरका निघाला.

तपासणीत आकडा साडेसात आला.

"गाडी घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा तीन महिन्यांनी भेटू."

"नोटीस?"

"ही दिली की. तुमचीच मागणी होती ना?"

पायलटनं डोक्यात हिशेब केला. एक नोटीस संपते तिथे दुसरी सुरू होत होती, आणि वर्षात केकला कुठेच जागा उरत नव्हती. उठता उठता तो परत बसला.

"डॉक्टर, तो घरातला प्रश्न असतो ना. वडिलांना होती. शेवटी दिसत नव्हतं त्यांना."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"इतकी वर्षं गाडी गेली नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्यानं सीट पुढे घेतली, आरसे पुसले, एकदा पुसलेले पुन्हा पुसले आणि गाडी काढली. गिअर लोण्यासारखा पडला. फेरी संपूच नये असा तो चालवत होता. स्टॉपवर माणूस नसला तरी थांबत होता.

"अहो ड्रायव्हर," मागून कोणीतरी खेकसलं, "चालत गेलो असतो तर आत्तापर्यंत पोचलो असतो!"

"चालावं," पायलट म्हणाला. "चांगलं असतं."