बाबांचं नाक

शहराला पाणी पुरवणाऱ्या कार्यालयात ताईंचं टेबल खिडकीजवळ होतं, पण खिडकीचा उपयोग त्यांना वाऱ्यापुरताच. ताई जन्मापासून आंधळ्या. कुठला पंप चालू आहे, कुठली टाकी किती भरली, हे ज्या संगणकांवर कळायचं ते संगणक त्या सांभाळायच्या. सगळं काम टर्मिनलवर. म्हणजे नुसती काळी स्क्रीन आणि तिच्यावर अक्षरांच्या ओळी. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. ताईंना ते फार सोयीचं होतं. कीबोर्डच्या पुढ्यात त्यांची एक लांबट पट्टी असायची. स्क्रीनवरची एकेक ओळ त्या पट्टीवर ब्रेलचे ठिपके होऊन वर यायची आणि ताई ती बोटांनी वाचायच्या. हेडफोनमधून वाचून दाखवणारा आवाजही होता, पण त्याच्या बडबडीने त्यांचं डोकं उठायचं.

त्यांच्या हाताखाली एक नवा तंत्रज्ञ आला. चपला फटफट वाजवत यायचा, म्हणून ताईंनी त्याचं नाव पाडलं फटफट्या. बाकीच्यांनीही तेच उचललं.

एका सकाळी ताईंनी काम उघडलं तर हेडफोनमधला आवाज सुसाट सुटला. "ठिपके एक दोन चार, ठिपके तीन सहा, ठिपके एक पाच..." थांबायचं नावच घेईना. ताईंनी हेडफोन काढून ठेवला.

"अरे फटफट्या, मशीनला भूतबाधा झालीय का काय?"

तो धावतच आला. "सॉरी ताई! ते चित्र आहे. आपल्या मोठ्या टाकीचं. टर्मिनल उघडलं की दिसेल असं मी काल लावलं."

"टर्मिनलमध्ये चित्र कसं येईल? तिथे तर फक्त अक्षरं."

"अक्षरांचंच केलंय. युनिकोडमध्ये जगातल्या सगळ्या लिप्यांची चिन्हं असतात ना, त्यात ठिपक्यांची पण आहेत. एकेका चिन्हात आठ ठिपक्यांची जागा. फोटोत जिथे गडद, तिथे ठिपका ठेवायचा. लांबून बघितलं की हुबेहूब फोटो वाटतो."

ताई हसायला लागल्या. "अरे बाबा, ते ठिपके म्हणजे ब्रेल! माझ्या लिपीत चित्र काढलंस आणि मला सोडून सगळ्यांना दाखवलंस?"

ती चिन्हं कुणाची लिपी आहेत हे फटफट्याला ठाऊक होतं, पण ती लिपी वाचणारी बाई आपल्या शेजारच्या टेबलावर बसते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ताईंनी पट्टीवर ते चित्र एकेक ओळ करून चाचपलं. काही अर्थ लागेना. भिंतीच्या फटीतून अख्खं घर बघण्यातला प्रकार होता तो. "एका वेळी एक ओळ हाताला येते रे. सगळं एकदम यायला कागद पाहिजे," त्या म्हणाल्या. अंधांच्या वाचनालयात कागदावर ठिपके उठवणारा प्रिंटर होता. शनिवारी दोघं तिकडे गेले.

पहिला कागद अगदीच फुकट गेला. "मोहरी सांडल्यासारखं लागतंय," ताई म्हणाल्या. त्यात तो प्रिंटर एका चिन्हात सहाच ठिपके उठवायचा, त्यामुळे प्रत्येक चिन्हाची खालची रांग गायब. फटफट्याने तिथेच बसून प्रोग्राम सहा ठिपक्यांचा केला. ताईंनी सुचवलं, "गडद-फिकट मला काय करायचंय? नुसत्या कडा ठेव." पुढच्या कागदावर टाकी आली. वर गोल झाकण, बाजूला शिडी. ताईंनी शिडीवरून बोट वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं.

"माणसाचं होईल का रे?" त्यांनी विचारलं.

"समोरून कठीण आहे. बाजूने काढलेला फोटो असेल तर होईल."

तसा एक होता. ताईंचे वडील बस चालवायचे. ताई अंगावर पीत होत्या तेव्हाच ते गेले. बसच्या दारातून कुणीतरी काढलेला त्यांचा एक फोटो ताईंच्या दादाने जपून ठेवला होता. स्टिअरिंगवर हात, नजर समोर रस्त्यावर. पुढच्या शनिवारी दादा फोटो घेऊन स्वतःच वाचनालयात आला.

कागद बाहेर आला. ताईंनी तो टेबलावर सपाट केला आणि वरून सुरुवात केली. टोपीची कड, कपाळ, मग नाक. नाकाच्या मधोमध बोट थबकलं. तिथे उंचवटा होता. त्यांनी दादाच्या नाकावरून बोट फिरवलं; ते सरळ. मग स्वतःच्या.

"दादा, हे माझं नाक आहे!"

"आई कधीपासून सांगतेय तुला."

"सांगते रे. मला वाटायचं, समजूत काढतेय माझी."

दादा तोंड फिरवून उभा राहिला. नाक ओढल्याचा आवाज आला तेवढा. ताईंनी फटफट्याचा हात चाचपून दोन्ही हातांत धरला.

"तुझे आभार कसे मानू, कळत नाही."

"ताई, मी काय केलं? गंमत म्हणून केलं होतं ते."

"म्हणूनच. माझी कीव येऊन केलं असतंस ना, तर मी कागदाला हातसुद्धा लावला नसता."

घरी ताईंनी कागद आईच्या मांडीवर ठेवला. आईने चष्मा लावला, काढला, परत लावला.

"हा तर कोरा आहे गं."

"डोळ्यांनी नको बघूस. आण बोट इकडे."

ताईंनी आईचं बोट धरून टोपीपासून हळूहळू खाली आणलं. नाकाच्या उंचवट्यावरून आईने बोट पुन्हा एकदा फिरवलं. हनुवटीपाशी म्हणाली, "इथे टोचतंय."

"फोटोतली घाण असेल. जुना आहे ना."

"घाण कसली! दाढी आहे ती. भारी कंटाळा होता ह्यांना दाढीचा. साहेब ओरडायचे, मी ओरडायची, ह्यांचं आपलं उद्या करतो, उद्या करतो."

ताईंनी हे कधी ऐकलं नव्हतं. नाकाचं सोडलं तर नवऱ्याचा विषय निघाला की आई उठून कामाला लागायची. आज ती बसून राहिली. बोट कागदावर फिरवत ती बोलत होती. ते शीळ वाजवत जिना कसे चढायचे, छोटीला उचलून घरभर बसचा भोंगा कसा वाजवायचे, ते सगळं.

"छोटी म्हणजे मी?"

"मग काय शेजारीण?"

ताई आईला खेटून बसल्या. "आणखी सांग," त्या म्हणाल्या.