बापाच्या सहीची खोली

बारावीला मी सतरा वर्षांची होते. रिठदजवळच्या आमच्या वस्तीवरून वाशिमच्या कॉलेजात पोचेपर्यंत पहिला तास हमखास बुडायचा. दिवाळीनंतर आईबाबा ऊसतोडीला जाणार होते, म्हणून मी वाशिमच्या कडेला एक खोली शोधली. घरमालकीण एकटीच राहायची; मागच्या वावरात मेथी, वांगी लावायची आणि सकाळी बाजारात विकायची.

माझं वय ऐकून ती म्हणाली, "अठरा भरले नाही ना? मंग तुह्या सहीनं जमत नाही. बापाले आण."

बाबा आले. तिनं त्यांचं आणि माझं आधार कार्ड शेजारी धरून नावातलं अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. "मागं एक जण काका म्हणून आला होता. पोरगी पळवून आणलेली निघाली. पोलीस माह्या दारात!"

बाबांना ते लागलं. पण त्यांचीही नजर घरभर फिरत होती. दारात पुरुषाच्या चपला होत्या.

"ह्या कोणाच्या?"

"नवऱ्याच्या. तो गेला, चपला ठेवल्या. चोराले वाटते, घरात माणूस हाय."

बाबांना पटलं नाही. त्यांनी मागचं दार उघडून पाहिलं, कडी हलवून पाहिली. बाहेर पडल्यावर म्हणाले, "ही बाई इतके कागद कायले मांगून राह्यली? सही केली का पोरगी तिची होईन. चाल घरी."

मी घरी गेले नाही. त्यांना कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याकडे ओढत नेलं. बाबांनी त्यालाच दोनदा विचारलं, की तो बाईच्या ओळखीचा तर नाही ना. तो हसला. म्हणाला, "अठरा पूर्ण होईपर्यंत तिनं कुठं राहायचं हे तुमीच ठरवायचं. तुमच्या मर्जीनं ती तिथं राहू शकते. सही केल्यानं तुमचा हक्क जात नाही."

बाबांनी भाड्याच्या कागदावर सही केली. पण खाली वाकड्या अक्षरांत एक ओळ वाढवली: मी कधीबी न सांगता येईन. बाईनं ती वाचली आणि पेन मागून आपली ओळ लिहिली: बाप सोडून कोणालेबी पोरगी देणार नाही.

थंडीत एका दुपारी माझा मामा दारात आला. "बाप बिमार हाय, पोरीले न्याले आलो."

मी पिशवी भरायला लागले. बाईनं दाराची कडी काढलीच नाही. आतूनच तिनं बाबांना फोन लावला. ते फडात होते, ठणठणीत. मामा अर्धा तास दार वाजवत, शिव्या देत उभा होता, मग गेला.

पुढं आठवड्यानं कळलं, त्या दिवशी शिरपूरला त्याच्या ओळखीच्या घरी पाहुणे बसले होते, मला बघायला. बाबा भडकले, मामाशी बोलणं तोडलं. मी परीक्षा दिली, पास झाले, नर्सिंगला गेले.

मामाला माझा पत्ता कोणी दिला, हे मात्र कोणी सांगितलं नाही. पत्ता घरच्या तिघांनाच माहीत होता. बाबांनी दिला नव्हता. मीही नाही.

आईला मी अजून विचारलेलं नाही.