कोपरातली सुई आणि देवाचे डोळे

मूर्तीचा रंग वाळेपर्यंत कारखान्यात माणसं बोलत बसतात. आमच्या हमरापुरात अशा बोलण्याचा ढीग मूर्तींपेक्षा मोठा आहे. मी बोलणारा नाही. पण यंदाचे सगळे किस्से माझ्या कोपरावर झाले आणि लोक ते चुकीचे सांगतात.

मी गणपतीचे डोळे आखतो. रंग कोणीही द्यावा, डोळे मीच, हा आमचा नियम. बायको चाळीस वर्षं रंगवते, पण सोंडेच्या वर कधी गेली नाही. वर्षभर माझं उजवं कोपर ठणकत होतं. ब्रश धरला की कळ मनगटापर्यंत.

मूर्तींचं घासकाम करणारा दत्तू म्हणाला, "दादा, ह्याला टेनिस एल्बो म्हनतात."

"मी टेनिस बघितलंसुद्धा नाय."

"मंग तुमाला कुनाकडनं लागला?"

* * *

तेल झालं, पट्टा झाला. शेवटी रोह्याला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या नातीएवढ्या. म्हणाल्या, "कापाकापी नाही. जागा बधिर करायची, सोनोग्राफीत बघत सुई घालायची, आतला खराब भाग तेवढा काढायचा."

"पुन्हा डोळे आखता येतील?"

"येतील असं वाटतं."

'वाटतं' मला आवडलं नाही. पण दुसरा उजवा हात माझ्याकडे नव्हता.

* * *

टेबलावर बाई म्हणाल्या, "हात हलवू नका."

मी म्हणालो, "माझा हात मला विचारल्याशिवाय हलत नाय."

बधिर करायची सुई टोचली. हात हलला नाही. पाय लागून ट्रे खाली पडला.

"अहो आजोबा!"

"तुम्ही हाताचं सांगितलं होतं."

पुढे सुई कोपरात आणि बाईंची नजर सोनोग्राफीच्या टीव्हीवर. मी म्हणालो, "कामाकडे बघा. आम्ही असं केलं तर देव तिरळा होतो."

* * *

सहा आठवडे ब्रश बंद. फळीवर गणपती रांगेने, बिनडोळ्यांचे. मी रोज समोर खुर्ची टाकून बसायचो.

बायको म्हणाली, "किती येल बसता ओ? त्यांनी तरी तुमाला वलखायचं कसं?"

एका दुपारी मी झोपलो असताना तिने एका छोट्या मूर्तीला डोळे आखले.

"कोणी सांगितलं गो तुला?"

"कुनी नाय."

"पुसून टाक."

"हात बरा झाला की तुमीच पुसा."

मूर्ती मागच्या फळीवर राहिली.

* * *

सातव्या आठवड्यात ब्रश धरला. कळ आली नाही. रेघ थरथरली नाही. पाच मूर्ती आखल्या, मगच जेवायला उठलो.

रविवारी डॉक्टरीणबाई घरचा गणपती ठरवायला आल्या. माझे पाचही पुढे मांडले होते. बाईंनी ते बघितले आणि मागच्या फळीवरची छोटी मूर्ती उचलली.

"आजोबा, काय डोळे आहेत! हात पहिल्यापेक्षा चांगला झाला तुमचा. दवाखान्यात फोटो लावते."

दत्तू खोकला. बायको रंग ढवळत राहिली.

मी म्हणालो, "लावा."

* * *

परवा बायकोचं कोपर दुखायला लागलं. रोह्याला नेलं. बाईंनी भिंतीवरचा फोटो दाखवला. "घाबरू नका आजी. हे बघा, आजोबांचा हात कसा झालाय."

बायकोने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. फोटो नीट बघितला.

"व्हय," ती म्हणाली. "ह्यांना असे डोले आदी कदी जमले नाय."