तेलवालं सीलर आणि वसंतकाका

किस्से जमवायला आमच्या गल्लीत कष्ट पडत नाहीत. रिटायर झालेले काका, उन्हाळा आणि अंगमेहनतीचं एखादं काम एवढं एकत्र आलं की किस्सा आपोआप होतो. या वर्षीचं काम होतं ड्राइव्हवे काळे करण्याचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे अमेरिकेत, आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये घरापुढे गाडीसाठी डांबरी उतार असतो. ऊन-बर्फाने तो भेगाळतो, म्हणून दर काही वर्षांनी त्यावर सीलर, म्हणजे काळा लेप, फासतात. सीलर दोन प्रकारचं: एक तेलवालं, एक पाणीवालं. तेलवाल्याचं जे काही पावसात सुटतं ते गटारातून थेट आमच्या घरांमागच्या तळ्यात जातं. तळ्यात कासवं आहेत, बगळे येतात. म्हणून आमच्याकडे तेलवाल्यावर बंदी आली. माझ्या मते विषय तिथेच संपला. आमच्या काकांच्या मते तिथे सुरू झाला!

*

समोरचे वसंतकाका हे गल्लीचे हायकमांड. आधी ठाण्यात रंगाच्या कंपनीत, मग इथे केमिकल इंजिनियर, आता रिटायर. गल्लीत कोणीही काहीही फासायचं ठरवलं की आधी त्यांना विचारतात.

"पाणीवालं म्हणजे काळं ताक," त्यांनी निकाल दिला.

मी विचारलं, मग पाऊस पडल्यावर तळ्याचं काय?

"इथला पाऊस शिस्तीत पडतो, मुक्ता."

याच काकांनी गेल्या वर्षी स्वतःच्या बेसमेंटमधून बादल्या भरभरून पाणी उपसलं होतं. मी आठवण करून दिली. एन्व्हायर्नमेंटल सायन्स शिकलेय, गप्प बसायला नाही शिकले. काका बाबांकडे वळून म्हणाले, "हिची फी तू भरलीस ना रे?"

*

बाबा दुकानात गेले, मला घेऊन. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं की आता फक्त पाणीवालं मिळतं. बाबांनी मान डोलावली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, आत ठेवलं असेल ना थोडं? जरा बघा की.

पुण्यातल्या दुकानात हे चालत असेल. तो मुलगा खरंच आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने बाबांना बंदीचे नियम पहिल्यापासून समजावून सांगितले. बाबा सगळं ऐकून घेत होते आणि मी शेजारी उभी राहून मजा बघत होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "माणूस चांगला होता, पण ओळख हवी होती."

*

ओळख नव्हती म्हणून वसंतकाका शेजारच्या राज्यात गेले. तिथे बंदी नाही. आमच्या आणि त्यांच्या, दोन्ही ड्राइव्हवेंना पुरतील इतके डबे त्यांनी गाडीत भरले आणि वर मंडळाची गणपतीतली सतरंजी टाकली. त्यांच्या बायको, नलिनीकाकू, सोबत होत्या, म्हणून हे सगळं आम्हाला कळलं.

पकडले जाऊ या भीतीने काकांनी हायवेवर गाडी इतकी हळू चालवली की शेवटी पोलिसाने त्यासाठीच थांबवलं! सतरंजीखाली काय आहे, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, "रिलिजस आयटम्स."

पोलिसाने हात जोडले आणि जरा वेगाने जा म्हणाला. काकू सांगत होत्या, त्या घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेरच बघत होत्या.

*

आता आमच्या ड्राइव्हवेचा प्रश्न. मी सांगून टाकलं होतं, तेलवाल्याचा एक थेंबही आमच्या दारात पडणार नाही. काका डबे घेऊन बसलेले. बाबांनी दोघांना खूश करायचं ठरवलं: डावा अर्धा तेलवाला, उजवा अर्धा पाणीवाला. आयुष्यातले सगळे वाद त्यांनी असेच मिटवलेत, म्हणजे एकही मिटवलेला नाही.

काका ब्रश घेऊन आले त्या सकाळी मी माझी गाडी ड्राइव्हवेच्या मधोमध लावली आणि आत बसून दारं लॉक केली. बाबा काचेवर टकटक करून म्हणाले, "मुक्ता, लोक बघतायत." मी म्हटलं, बघू देत, त्यासाठीच बसलेय. काका म्हणाले, आमच्या वेळी मुली अशा नव्हत्या. मी काच दोन बोटं खाली केली आणि म्हटलं, "तुमच्या वेळी तळी स्वच्छ होती, काका."

दुपारी नलिनीकाकू पोह्यांची बशी घेऊन आल्या. मला वाटलं समजूत काढायला आल्या. मी लॉक काढलं, तर त्या शेजारच्या सीटवर बसल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "एसी वाढव. मीही बसते जरा."

काका आमच्या वाटणीचे डबे घेऊन परत गेले. जाताना मात्र सांगून गेले की गौरी झाल्या की शनिवारी येतो, तोवर हिचं पेट्रोल संपेल.

*

स्वतःचा ड्राइव्हवे मात्र काकांनी गौरी यायच्या आदल्या दिवशी तेलवाल्याने करून टाकला. डब्यावर लिहिलं होतं की दोन दिवस पाय ठेवू नका. काकांनी उन्हातल्या कडेला बोट लावून बघितलं आणि वाळलं म्हणून जाहीर केलं. मेपलच्या सावलीतला भाग कोणी बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी ते रस्त्याच्या कडेला उभे. बुटांनी फिनिशवर चरे पडतात, म्हणून सगळ्यांनी चपला-बूट तिथेच काढायचे. काकू ताम्हनात मुखवटे घेऊन अनवाणी पुढे, मागे आम्ही बायका. माझा आवाज मोठा, म्हणून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. आत पोचल्यावर मी विचारलं,

"गौर आली?"

"आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

उत्तर ठरलेलं असतं, सोन्यामोत्याच्या. काकूंनी सवयीने तोंड उघडलं आणि खाली बघितलं. क्रीम रंगाच्या कार्पेटवर दारापासून त्यांच्यापर्यंत काळी कुळकुळीत पावलं, आणि मागे आम्हा सगळ्यांची.

"ह्यांच्या डांबराच्या," काकू त्याच सुरात म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. गौरीला सगळं घर दाखवायचं असतं, अर्ध्यात थांबता येत नाही. स्वयंपाकघर झालं, बेडरूम झाली, जिन्याची प्रत्येक पायरी झाली. काका ओल्या फडक्याने मागून पुसत येत होते आणि डाग आणखी पसरवत होते. शेवटी धान्याचं कोठार. अमेरिकेत तांदळाची पोती गॅरेजमध्ये असतात, आणि पोत्यांना टेकून आमच्या वाटणीचे डबे उभे होते.

मी विचारलं, "इथे काय आहे?"

काकूंनी पोत्यांकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं, मग फडकं घेऊन उभ्या असलेल्या काकांकडे.

"तांदूळ आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचं जिथून आणलं तिथे शनिवारी परत जातंय."