धुऱ्यावरची अक्का

शेतातून घरी आल्यावर सगळेच पाय धुतात. आमची अक्का शेतात जायच्या आधी धुवायची, आणि एवढं करूनही धुऱ्यावरच, शेताच्या बांधावरच थांबायची. जानेफळच्या लोकांना वाटायचं, शहरात नोकरी लागली म्हणून बाईला आता चिखल सोसत नाही. तोंडावर कुणी बोलत नसे, पण पाठीमागे तिचं नाव 'बुरशीवाली बाई' पडलं होतं.

नाव तसं खोटं नव्हतं. माझी ही थोरली बहीण एका प्रयोगशाळेत हरभऱ्यावरच्या मर रोगाची बुरशी वाढवायची. हिरवंगार झाड जिच्यामुळे पिवळं पडून मान टाकतं, तीच ती बुरशी. तिच्यातला एखादा जनुक काढायचा किंवा बदलायचा आणि झाड वाचतं का ते पाहायचं, असं ते काम. बदललेली बुरशी ओळखू यावी म्हणून तिच्यात चमकणारा एक जनुकही घालत; खास दिव्याखाली ती हिरवी दिसे. एकदा मी गमतीनं म्हटलं, "बीटीनं कापसाची पऱ्हाटी बदलली, तू आता रोगबी बदलून राह्यली काय?"

ती हसली नाही. "एक बदलली अन् ते जास्तच चवताळली," ती हळूच म्हणाली. "बंद खोलीतली झाडं पटापट मेली. मले भेव वाटते रे."

घरी आली तरी प्रयोगशाळेतली हाताची सवय सुटत नसे. चमचा घेतला की आधी चुलीच्या जाळावर धरायची. माय चिडायची, "माह्या भांड्यायले काय रोग झाला?" अक्काचं उत्तर ठरलेलं असायचं, "आगीतून गेलं का भरोसा."

त्या वर्षी सीतादहीला ती घरी होती. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी बाया पऱ्हाटीत जाऊन पूजा करतात, दहीभात ठेवतात. माय हट्टालाच पेटली. "घरची लेक धुऱ्यावर उभी राहीन अन् सीतादही मी एकटी करू काय?" अक्का नको नको म्हणत असताना मायनं तिचा हात धरला आणि नुकत्या उगवलेल्या हरभऱ्यातून तिला अनवाणी पऱ्हाटीपर्यंत नेलं. अक्का सगळा वेळ स्वतःच्या पायांकडे बघत चालली होती. मला मेल्याला हसू येत होतं.

हरभरा फुलावर आला आणि वावराच्या मधोमध, त्या दोघी गेल्या त्याच वाटेवर, झाडं पिवळी पडू लागली. एक उपटून चिरलं तर आत काळी रेघ. मर आमच्याकडे नवा नाही, पण नेमका वाटेवरच कसा? शेजारच्या वावरात गेला तर? सकाळी वावरात जायचीच मला धास्ती वाटायला लागली.

मी अक्काला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या वावरातून दुसऱ्याच्या वावरात पाय घालू नको. झाडं पिशवीत गच्च बांधून आण. माही बुरशी निघाली तर गावाले मीच येऊन सांगीन." सांगितल्यावर गावानं तिचं काय केलं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मेहकरहून मी अक्काच्या शहराच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "भाजी हाय काय भाऊ?" मी पिशवी छातीशी धरली आणि उतरेपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही.

तपासणीला वेळ लागला. अक्का प्रयोगशाळेतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "चमकली नाही. आपल्याच मातीतली जुनी हाय." मी सुटलो. ती सुटली नाही. "या खेपेले नाही," एवढंच म्हणाली.

त्यानंतर मायनं कितीदा हात धरला, पण ती आत आली नाही. माय गेली, तिची राख आम्ही वावरात टाकली, तेव्हाही अक्का धुऱ्यावर उभी राहूनच रडली. मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही आली होती.

मागच्या उन्हाळ्यात अक्का गेली. त्याआधी अंथरुणावरून मला जवळ बोलावून म्हणाली, "माही राख नदीत नको टाकू. वावरात टाक, मायपाशी." मी नुसता बघत राहिलो. तिला वाटलं, मी घाबरलो.

"भेऊ नको," ती म्हणाली. "आगीतून जाऊनच येईन मी."

राख घेऊन मी धुऱ्यापाशी आलो, पाय धुतले आणि अक्काला आत नेलं.